शाकाहारी घरातल्या मुलाच्या मेंदूत टेपवर्म

"अहो, पण आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!" न्यूरॉलॉजिस्टनी माझ्या मुलाच्या मेंदूत टेपवर्मची, म्हणजे फितीसारख्या जंताच्या अळीची, गाठ असल्याचं सांगितलं तेव्हा सासूबाई एवढंच बोलू शकल्या. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्याकडे जो येई तो हेच म्हणे. फिट आलेल्या मुलांच्या आया आता मला फोन करतात, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

मुलगा नववीत. घरी अभ्यास करताना त्याचा उजवा हात झटके द्यायला लागला आणि बघता बघता तो कोसळला. शेजारून कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवायला सांगितली. कृपा करून यातलं काही करू नका, तोंडात चमचाही घालू नका. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत तर तडक हॉस्पिटल गाठा.

फिटचं औषध लगेच सुरू झालं. खरी घालमेल झाली ती एमआरआयनंतर. रिपोर्टमध्ये टेपवर्म किंवा टीबी, अशा दोन्ही शक्यता लिहिल्या होत्या. आपल्याकडे दोन्ही आजार सर्रास होतात आणि फिल्मवर दोन्ही गाठी कड्यासारख्या दिसू शकतात. पहिल्या डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू करायचं ठरवलं होतं. ती महिनोन्‌महिने चालतात, म्हणून आम्ही दुसरं मत घेतलं. या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून पेनाच्या टोकाने दाखवलं: पांढरं कडं, आत काळसर पोकळी, आणि पोकळीत एका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. गाठही दोन सेंटिमीटरपेक्षा लहान होती. टीबीची बहुधा त्याहून मोठी आणि वेड्यावाकड्या कडांची असते.

मग त्यांनी सासूबाईंना शांतपणे समजावलं. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर त्यातल्या अळ्यांपासून खाणाऱ्याच्या आतड्यात टेपवर्म वाढतो. त्या माणसाला बऱ्याचदा काहीच त्रास होत नाही, पण त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडत राहतात. हीच अंडी न धुतलेल्या हातांनी, सांडपाण्यावर पिकलेल्या भाजीतून किंवा दूषित पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली, की अळ्या रक्तावाटे स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोचतात. मेंदूतला आजार मांसातून येत नाही, माणसाच्या विष्ठेतून येतो. शाकाहाराने त्यापासून संरक्षण मिळत नाही, आणि यात कुणाच्या खाण्याला नावं ठेवण्यासारखंही काही नाही.

अळी मारणारं औषध अल्बेंडाझोल सुरू करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला. डोळ्यात गाठ असताना हे औषध दिलं तर ती मरताना येणाऱ्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. मेंदूतही तेच होतं, म्हणून सूज आवरणारं स्टेरॉइड आधी सुरू केलं. नातेवाइकांनी "स्टेरॉइड नको" म्हणून फार घाबरवलं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते द्यावंच लागतं, आणि बंदही त्यांच्याच सांगण्याने हळूहळू करायचं. अल्बेंडाझोलचा डोस वजनावर ठरला. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर चांगली शोषली जाते, म्हणून वरणभातावर तुपाची धार जरा सढळ धरायचे. मधे डोकं दुखलं, एकदा उलटी झाली; फोन केल्यावर त्यांनी बोलावून तपासलं आणि स्टेरॉइडचा डोस वाढवला.

शाळेत १० फेब्रुवारीला जंताची गोळी दिली होती, मग हे कसं झालं, हेही मी विचारलं. तीही अल्बेंडाझोलचीच, पण ती ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते, मेंदूतल्या गाठीवर तो उपचार नव्हे. घरात उरलेल्या गोळ्या अंदाजाने देणं तर धोक्याचंच.

घरातल्या सगळ्यांची आणि पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची शौचतपासणी करायला सांगितली. मावशींशी बोलताना मला फार जपावं लागलं. "ताई, माझ्यावर संशय आहे का?" असं त्यांनी विचारलंच. आमचीही सगळ्यांची होते आहे, आणि काही निघालं तर आतड्यातला टेपवर्म साध्या औषधाने जातो, हे सांगितल्यावर त्या तयार झाल्या. कुणाच्याच तपासणीत काही सापडलं नाही. अंडी कुठून आली ते कळलं नाही, बहुतेकांना ते कळतच नाही.

जांभळी नाक्यावरून आणलेल्या कोथिंबीर-पालकाची पानं आता मी सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुते. बाहेरच्या भेळेवरची कच्ची कोथिंबीर आणि सॅलड बंद. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात, नखं कापलेली. मांस खाणाऱ्यांनी डुकराचं मटण आतपर्यंत शिजवूनच खावं.

सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ विरलेली दिसली. कॅल्शियमचा डाग राहिला असता तर फिटचं औषध लांबलं असतं. आता ते टप्प्याटप्प्याने कमी करत आहोत. ते पूर्ण सुटून डॉक्टर हो म्हणेपर्यंत एकट्याने पोहणं आणि रस्त्यावर सायकल दोन्ही बंद आहे.