बारक्या गाडीचा माग

धाराशिव-लातूरच्या पट्ट्यात, ढोकी-मुरूडकडच्या एखाद्या जुन्या गोठ्यात शिरलं की आधी आढ्याकडे बघावं. सागवानी तुळयांच्या रांगेत कधी कधी एक लोखंडी तुळई निघते, वर-खाली रुंद आणि मध्ये कंबर बारीक. घरातल्या पोराला विचारलं तर "अँगल हाय" म्हणतं. आजोबांना विचारलं तर ते बाजेवरून न उठता सांगतात, "रूळ हाय त्यो. बारक्या गाडीचा."

त्या कंबरेवर तारेचा ब्रश मारला आणि खडू आडवा धरून घासला, की गंजातून उठावाची अक्षरं वर येतात: कारखान्याचं नाव, साल आणि एका यार्डाचं वजन पौंडांत. रुळांवर हे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. अक्षरं गंजून गेली असतील तर टेपने उंची मोजावी. तीस पौंडी रूळ जेमतेम तीन इंच भरतो. मीटरगेजचा साठ पौंडी रूळ साडेचार इंच, आणि ब्रॉडगेजचा, मीटरला ५२ किलोचा रूळ १५६ मिलिमीटर. तीन इंची निघाला तर तो बार्शी लाइट रेल्वेचा, म्हणजे याच बारक्या गाडीचा असण्याची शक्यता दाट. पण रूळ सापडला म्हणजे वाट सापडली, असं समजू नये. गाडी बंद पडली की भंगाराचा लिलाव होतो, गुत्तेदार ट्रक भरतो, आणि रूळ पन्नास कोसांवरच्या गोठ्यातही जाऊन बसतो. रूळ हलतो, भराव हलत नाही. शोधायचा तो भराव.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही गाडी बांधली ती मोठ्या हिशेबाने. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. इंजिन असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्याचा नियम. म्हणून रूळ फक्त तीस पौंडी, आणि किटसन कंपनीच्या इंजिनाला एकमेकांत जोडलेली आठ चाकं, वजन वाटून घ्यायला. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हाच्या 'बार्शी रोड'हून, ती बार्शीला आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. (स्टेशनच्या नावात 'रोड' असेल तर गाव तिथे नाही, पुढचा रस्ता तुमचा तुम्ही बघा, असा त्याचा अर्थ. लातूर रोडला उतरून लातूर शोधणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.) १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं तेव्हा नव्या मार्गाने धाराशिवला स्पर्श केला, जे भाग्य बारक्या गाडीच्या काळात त्या शहराला नव्हतं. वळण तिकडे गेलं आणि मधली जुनी पट्टी शेतांत तशीच राहिली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्या आणि पाच लाख लिटर पाणी, ती बार्शी लाइटच्याच वारशावरून. पण काही ठिकाणी ती मूळ वाटेपासून चांगलीच लांबून धावली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हरवलेली पट्टी सापडते ती एकाच कारणाने: रेल्वे हट्टी असते. बैलगाडी बांधाला वळसा घालते, एसटी खड्डा चुकवते, माणूस तर कुठूनही आडवा जातो. रेल्वेला पटकन वळता येत नाही आणि पटकन चढताही येत नाही. भोर घाटासारख्या अवघड जागीही चढ ३७ला एक, म्हणजे सदतीस मीटर चालल्यावर एक मीटर वर. वळणाचंही तसंच. ब्रॉडगेजला १७५ मीटर त्रिज्येच्या आत वळायची मुभा नाही, मीटरगेजला १०९च्या आत नाही, आणि अडीच फुटीला ४४च्या आत नाही. म्हणजे जमिनीवरची एखादी ओळ याहून जास्त आखडून वळत असेल तर तिला नमस्कार करून पुढे जावं. ती गाडीवाट आहे.

वळण मोजायला यंत्र लागत नाही. वीस मीटरची दोरी घ्यावी, तिची दोन्ही टोकं भरावाच्या बाहेरच्या काठावर ताणून धरावीत आणि बरोबर मध्यावर दोरीपासून काठ किती लांब आहे ते मोजावं. पन्नासला त्या मीटरमधल्या अंतराने भागलं की त्रिज्या मिळते. वीस सेंटिमीटर आले तर अडीचशे मीटर, अर्धा मीटर आला तर शंभर. एका जागी मोजून विश्वास ठेवू नये. नांगराने काठ खाल्लेला असतो, म्हणून पाच ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. पाचही आकडे जवळपास एकसारखे आले तर ते गोलाकार वळण माणसाने आखलेलं आहे. पाच जागी पाच तऱ्हा निघाल्या तर ते ओढ्याचं काम.

त्याआधी नकाशे. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे जुने नकाशे या कामाला सगळ्यात भरवशाचे. बार्शी ४७ एन या पत्रकात येते आणि लातूर ५६ बी मध्ये. ७६ अंश रेखांश येडशी-धाराशिवच्या पट्ट्यातून जातो, त्यामुळे नेमक्या हव्या त्या जागी दोन नकाशे एकमेकांना चिकटवावे लागतात. दुसरा आधार तलाठ्याकडचा गावनकाशा. गट नंबरांच्या चौकोनी जाळीतून एक अरुंद पट्टी तिरकी जाताना दिसली आणि तिच्या दोन्ही बाजूंचे गट कापल्यासारखे त्रिकोणी झाले असतील, तर शोध अर्धा संपला. सातबाऱ्यावर त्या पट्टीच्या मालकाच्या रकान्यात रेल्वेचं नाव निघालं तर उरलेल्यातलाही बराच. उपग्रहाचं चित्र शेवटी बघावं, कारण ते आधी बघितलं की डोळ्यांना जिकडे तिकडे रेल्वे दिसायला लागते.

आणि बघायचं तर महिना निवडून. श्रावणातलं चित्र काही कामाचं नाही, सगळीकडे सोयाबीनची हिरवी चादर. शाळू (रब्बीची ज्वारी) निघाल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये नांगरट पडते तेव्हाचं चित्र शोधावं. ताज्या नांगरटीत काळी कापूसमाती ओल्या कोळशासारखी दिसते आणि तिच्यातून मुरमाची तांबूस-पांढुरकी रेघ आरपार जाते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर रूळ टिकत नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी मुरूम वाहून आणून टाकला. भराव सपाट करून वीस वर्षं झाली तरी मुरूम कुठे जात नाही. प्रत्यक्ष शेतात जायचं तर सकाळी सात किंवा संध्याकाळी सहाची वेळ. ऊन तिरपं असलं की हातभर उंचवट्याचीही सावली पडते, बारा वाजता तीच जमीन तव्यासारखी सपाट दिसते.

फसवणाऱ्या ओळीही भरपूर. पाटचारी उंचीची रेघ धरून नागमोडी जाते, तिच्या मध्ये खोलगट आणि दोन्ही काठांना माती असते. रेल्वेच्या भरावाला मध्ये पाठ असते. पाण्याची पाइपलाइन सरळ जाते आणि कोपऱ्यात काटकोनात मोडते. जुना रस्ता गावातून जातो, रेल्वे गावाला बाजूला ठेवते. बेसाल्टमधला उभा कठीण थरही कधी कधी मैलभर सरळ कण्यासारखा वर येतो आणि चांगल्या जाणत्याला दोन तास हिंडवतो. खात्री पटते ती ओढ्यावर. घडीव काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली लहानशी मोरी, वर रस्ता नाही आणि अलीकडे-पलीकडेही रस्ता नाही, फक्त मोरी. भर रानात असली मोरी उगाच कुणी बांधत नाही.

आता बोगद्याचं. मराठवाड्यात बोगदा म्हटला की दौलताबादची अंधारी आठवते, नाहीतर संभाजीनगरच्या (जुन्या औरंगाबादच्या) पोटातली मलिक अंबरची भुयारी पाण्याची नहर. रेल्वेचा बोगदा सहसा कुणाला आठवत नाही, आणि त्याचं कारण कॅलथ्रॉपच्या हिशेबातच आहे. अडीच फुटी गाडी डोंगराला वळसा घालू शकते, म्हणून डोंगर फोडायचा खर्च वाचतो. बालाघाटाची उतरण असली तरी ती सह्याद्रीच्या कड्यासारखी तुटलेली नाही. त्यामुळे इथे आधी खोदाया शोधाव्यात. दोन्ही बाजूंना उभा मुरूम आणि मध्ये बोरी-बाभळींचं रान माजलेली अरुंद चर, जिला आता लोक तळं समजतात कारण पावसाळ्यात तिथे खरंच पाणी साठतं.

बोगद्याचा संशय कुठे घ्यायचा याचा जुना अंदाज आहे: खोदाई साठ फुटांहून, म्हणजे अठरा-वीस मीटरहून खोल जायला लागली की उघडी खोदण्यापेक्षा आतून पोखरणं स्वस्त पडतं. कॉम्प्युटरवर जुन्या मार्गाची रेघ ओढून उंचीचा आलेख काढावा. गुळगुळीत चाललेला आलेख मध्येच उंटाच्या पाठीसारखा वर उठून पुन्हा त्याच पातळीवर आला, तर गाडी उंटावरून गेलेली नाही, पोटातून गेली आहे. उपग्रहाला वरची जमीनच दिसते म्हणून आलेख फसतो, आणि नेमकी ती फसगतच कामाला येते. मात्र फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीत एकेक ठिपका तीस मीटरचा असतो. लहान खोदाई त्यात बुडून जाते आणि पाच-सात मीटरचा कुबड निव्वळ चूक असू शकतो. वीस मीटरच्या खालच्या कुबडासाठी गाडीचं पेट्रोल जाळू नये.

जागेवर गेल्यावर तोंड दिसेलच असं नाही. बंद बोगद्याची तोंडं ढासळतात किंवा मुद्दाम बुजवतात. मग आजूबाजूचं बघायचं. तोंडापासून थोडं पुढे, ओढ्याच्या बाजूला, आतून काढलेल्या दगडांचा ढीग असतो. तो नैसर्गिक टेकडीसारखा दिसतो, पण त्याच्यावर मातीचा थर नसतो आणि दगड धारदार कोनांचे असतात. तोंडाच्या वर डोंगरउतारावर पाणी अडवून बाजूला काढणारी आडवी चर असते. वैशाखात सगळं रान करपलेलं असताना एकाच जागी उंबर हिरवागार असेल तर आतून पाणी झिरपतंय, कारण बोगदा पाणी वाहून जावं म्हणून उतार देऊनच काढतात. लांब बोगदा असेल तर डोंगरमाथ्यावर एका रेषेत विहिरीसारखी तोंडं मिळू शकतात. नहर-ए-अंबरीची वाट जशी तिच्या मॅनहोलवरून लावता येते, तोच प्रकार. आणि दिवेलागणीला वटवाघळं कुठून बाहेर पडतात ते बघावं.

तोंड उघडं असेल तर कातळाला हात लावून बघण्यासारखी एक गोष्ट आहे. पहारीने पाडलेल्या सुरुंगाच्या भोकांचे अर्धे नळे. अंगठा बसेल एवढी रुंदी, हातभर लांबी, जणू कुणी ओल्या शाडूवर बांबू दाबून ओढला. स्फोटात पुढचा दगड उडाला आणि भोकाची मागची अर्धी भिंत राहिली. नळे आहेत म्हणजे गुहा नाही, माणसाचं काम. मग छताकडे बोटभर खरवडावं. काळी, तेलकट काजळी निघाली तर वाफेचं इंजिन इथून गेलंय. पाण्यासाठी काढलेल्या बोगद्यात ही काजळी नसते. भिंतीत माणूस उभा राहील एवढे कोनाडे असतील तर ते गँगमनसाठी, गाडी आली की अंग चोरायला.

एवढं बाहेरून बघता येतं आणि बहुतेकांनी तिथेच थांबावं. दख्खनच्या कातळात दोन लाव्हा-थरांमध्ये गेरूसारखा तांबडा मऊ थर असतो. तो पाणी पितो, सुटतो आणि वरचा धड दिसणारा दगड घेऊन खाली येतो. छतात तांबडी रेघ दिसली की मागे फिरावं. एकच तोंड उघडं असलेल्या बोगद्यात हवा खेळत नाही. मेणबत्ती पेटती राहिली म्हणजे हवा चांगली, ही समजूत जीवघेणी आहे, कारण सगळे विषारी वायू मेणबत्तीला कळत नाहीत. वटवाघळांच्या विष्ठेची धूळ छातीत जाते, तिथे रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो. तोंडाशी आग्यामोहोळ आहे का हे दुर्बिणीतून आधीच बघावं, सेंट लावून जाऊ नये, विडी तर पेटवूच नये. शिवाय गाडी बंद असली तरी जमीन रेल्वेचीच असू शकते आणि रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरण्याविरुद्धचं रेल्वे कायद्याचं कलम १४७ रूळ उखडल्याने संपत नाही. आधी परवानगी, मग हौस.

शेतातल्या पट्टीला परवानगी सोपी, पण विचारायची रीत हवी. "इथे जुना रेल्वेमार्ग होता का?" असं विचारलं की समोरचा सावध होतो. त्याला वाटतं मोजणी आली, जमीन जाणार. त्याऐवजी पारावरच्या म्हाताऱ्याजवळ बसावं आणि म्हणावं, "मामा, बारक्या गाडीला पाणी कुठं भरायचे?" मग मामा काठीनेच जमिनीवर सगळी लाइन काढून देतात. टाकी इथं, फाटक तिथं, अन् चढावर गाडी एवढी हळू व्हायची की माणसं उतरून शेतातला हरभरा उपटून परत चढायची. हरभऱ्याची गोष्ट पन्नास गावांत ऐकायला मिळते, तिच्यावरून काही ठरवू नये. चढ कुठे होता तेवढं मात्र टिपून घ्यावं, तिथे खोदाई मिळायची शक्यता असते.

भराव बहुतेक ठिकाणी आता उरलेला नाही. दोन्ही बाजूचे शेतकरी दर साली नांगराचं एकेक तास आत सरकत जातात आणि पाच-दहा वर्षांत पट्टीचा बांध होतो, बांधाचा धुरा, मग तोही जातो. पण पौष-माघात शाळू पोटरीतून बाहेर पडला की शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरकी एक ओळ वीतभर बुटकी दिसते. खाली मुरूम, ओल लवकर संपते, कणीस लहान भरतं आणि बाकी रानाच्या आठ दिवस आधी पिवळं पडतं. गोफण घेऊन माळ्यावर उभ्या राहिलेल्या पोरीला ते पक्कं माहीत असतं. चिमण्यांचा थवा आधी त्या ओळीवर उतरतो, आणि तिचा पहिला दगडही तिकडेच जातो.