सोलरला जमीन द्यायची होती, आडवा आला आजोबांचा बोजा

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0, म्हणजे शेतीच्या विजेसाठी सौर प्रकल्प उभारायची सरकारी योजना. तिच्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, वर दरसाल 3 टक्के वाढ. हे कळल्यावर माळ भाड्याने देऊन टाकायला आमच्या घरात कुणी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. सोलापूर जिल्ह्यात उन्हाला काय तोटा? बघायचं असतं ते 33 केव्हीचं सबस्टेशन (वीज उपकेंद्र) किती लांब आहे आणि तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर अजून वीज घ्यायला जागा आहे का.

रस्त्याकडेचं काळं रान आम्ही बाजूला ठेवलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया महागात जातो. मुरमाड माळ सबस्टेशनपासून तीनेक किलोमीटरवर, पश्चिमेला डोंगर नाही. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, तेवढा सलग तुकडा होता. जागा बघायला आलेला इंजिनिअर खूश.

मग त्याने सातबारा मागितला.

इतर हक्कात गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचा बोजा! आजोबांनी विहिरीसाठी काढलेलं कर्ज. ते कधीच फिटलंय, पण उताऱ्यावरून नाव हलेना. सोसायटीचे सचिव म्हणाले, "एवढं जुनं रजिस्टर कुठं शोधू?" शेवटी चुलत्यांनी त्यांच्यासमोर ठाण मांडलं, तेव्हा कपाटावरच्या गठ्ठ्यातून ते निघालं आणि निल दाखला, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचा कागद, हातात पडला. तो घेऊन तलाठ्याकडे गेलो, तर दाखल्यावर जावक क्रमांक नाही म्हणून परत. जावक क्रमांक घालून आणला, तर तलाठी भाऊसाहेब निवडणुकीच्या कामावर. ते आले तेव्हा सर्व्हर डाऊन. एकदा तर "उद्या या" म्हणताना त्यांनी मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. माझा आवाज चढला, त्याचा मला आजही पस्तावा नाही.

फेरफार, म्हणजे उताऱ्यातल्या बदलाची नोंद, धरला की काम झालं असं समजू नका. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस सोडावे लागतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, तेव्हा कुठे उतारा कोरा होतो. आमची हरकत कोण घेणार होतं, कर्ज देणारी सोसायटीच दाखला देऊन मोकळी झालेली! तरी थांबलोच. कोरा उतारा हातात आला त्या दिवशी चुलत्यांनी चौकात सगळ्यांना चहा पाजला.

तेव्हा जागा दाखवायच्या आधी सातबाऱ्याचा इतर हक्क रकाना वाचा. वारसनोंद राहिली असेल तर तीही आधीच उरका, बहिणींच्या सह्या ऐनवेळी मिळत नाहीत. जवळ खडी क्रशर असेल तर ती जागा नकोच. पॅनलवर धूळ बसली की वीज घटते आणि धुवायला पाणी लागतं, ते आमच्याकडे टँकरने येतं. ट्रेलर वळेल एवढी वाट हवी, ती दुसऱ्याच्या बांधावरून जात असेल तर लेखी घ्या. आणि मोजणीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, यायला वेळ लागतो, आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्र जागेवर भरेलच असं नाही. आमच्या बांधाच्या कडेला शेजाऱ्याची लिंबं निघाली, तो विषय अजून चालू आहे.