दुसऱ्या ज्योतीवरची मूठ

सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा तव्यांचा लहान कारखाना आहे आणि मुठीचे साहित्य ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या एप्रिलमध्ये कडक भाकरीचा व्यवसाय करणाऱ्या एका मावशींनी तडकलेल्या सहा मुठी पिशवीत घालून परत पाठवल्या. खरेदी विभागाने त्याच दिवशी पुरवठादाराला दोष देऊन विषय संपवला. मुठीची चकाकी आणि दर यांपलीकडे त्या विभागाने कधी पाहिलेले नाही.

मुठी बेकेलाइटच्या होत्या. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये घडवलेली फिनॉल-फॉर्मल्डिहाइडची ही राळ साच्यात एकदा पक्की झाली की पुन्हा वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक मात्र १६० अंश सेल्सिअसच्या आसपासच ओघळू लागते. तरीही वितळत नाही म्हणजे जळत नाही असे नव्हे. साधारण १५० अंशांच्या वर बेकेलाइटची राळ तासन्‌तास राहिली, तर तिच्यात मिसळलेला लाकडाचा भुसा काळवंडतो आणि ती ठिसूळ होते. तव्याकडून आलेल्या उष्णतेने मूठ बिघडते तेव्हा भेग स्क्रूपाशी दिसते. या सहाही मुठी मात्र मधोमध, खालच्या अंगाने करपल्या होत्या.

म्हणून मी मावशींच्या घरी गेलो. मूठ उजव्या हाताशी हवी म्हणून तवा डाव्या बर्नरवर होता, आणि ती मूठ थेट उजव्या बर्नरवर येत होती, जिथे तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्या दिवसभर शेकल्या जात होत्या. मुठीच्या पोटाशी बांधलेल्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) चार मिनिटांत २३० अंश ओलांडले. आमची चाचणी एका बर्नरवर, अर्ध्या तासाची होती आणि तिच्या अहवालावर माझीच सही होती.

इतक्या ज्योतीवर सिलिकॉनही टिकणार नाही आणि लाकूड तर करपणारच. मी स्टेनलेस स्टीलच्या पोकळ नळीची मूठ सुचवली: स्टीलमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दशांशानेही वाहत नाही आणि ज्योत लागली तरी ते तडकत नाही, पण ज्योतीवरचा भाग हाताला चटका देणारच. हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, ‘‘साहेब, मूठ गार असू दे नाहीतर तापलेली, मी फडकं घेऊनच धरते.’’

नळीच्या मुठीचे चार तवे त्यांच्याकडे आता विनातक्रार चालले आहेत. तोच तवा दुकानातून नेणारे दुसरे घर मात्र मूठ उघड्या हाताने धरील, आणि म्हणून त्या मुठीच्या आराखड्यावर मी अजून सही केलेली नाही.