ब्रियाँसाँ ते आल्प द्वेझ: एका दिवसात तीन घाट

टूर द फ्रान्स या व्यावसायिक सायकल शर्यतीचा एखादा डोंगरातला टप्पा दर उन्हाळ्यात एक दिवस हौशी सायकलस्वारांसाठी खुला होतो. रस्ते बंद असतात, मार्ग तोच आणि शेवटची रेषाही तिथेच. या उपक्रमाचं नाव लेताप द्यु टूर. १९९३ पासून तो चालू आहे आणि मार्ग दर वर्षी बदलतो. २०२२ साली वाट्याला आला ब्रियाँसाँ ते आल्प द्वेझ: सुमारे १६७ किलोमीटर, एकूण चढाई ४,७०० मीटर. १० जुलैला मी आणि माझा मावसभाऊ ती राइड करून आलो. उपक्रम त्या मार्गावर नसतानाही हा रस्ता कोणालाही आपापला करता येतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. फक्त वाटेतला गालिबिए घाट हिवाळाभर बर्फामुळे बंद असतो, त्यामुळे जुलै ते सप्टेंबर हाच खात्रीचा काळ.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. या मार्गावर आल्प द्वेझच्या शेवटच्या चढाची भीती सगळ्यांना असते, पण दिवस बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, दोन घाटांच्या मधल्या सपाट दरीत. माझा तिथेच बिघडला.

ब्रियाँसाँ १,३०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे जुलैतही पहाटे थंडी वाजते. हजारो लोक गटागटाने सोडतात. मागून झाडूगाडी येते, म्हणजे वेळेच्या मागे पडलेल्यांना उचलणारी बस. ती शेवटच्या गटामागून निघते, तेव्हा ज्यांचा नंबर मागच्या गटात आहे त्यांच्या हाताशी वेळ कमी असतो. हा हिशेब घरूनच करून निघा.

लोतारे खिंडीपर्यंतचा रस्ता सौम्य आहे आणि तीच त्याची फसवणूक. पाय ताजे, आजूबाजूला शेकडो चाकं, कोणीतरी पुढे निघून जातं आणि आपणही नकळत जोर लावतो. लोतारेच्या खिंडीत उजवीकडे वळलं की गालिबिएचे खरे साडेआठ किलोमीटर सुरू होतात, सरासरी चढ सात टक्क्यांच्या जवळ. बोलता येईल एवढाच जोर इथे ठेवा. बोगद्याच्या तोंडाजवळ टूरचे जनक आंरी देग्रांज यांचं दगडी स्मारक आहे. तिथून शेवटचा एक किलोमीटर सगळ्यात उभा, आणि मग २,६४२ मीटर. टूर पहिल्यांदा इथून गेली १९११ मध्ये, तेव्हा हा रस्ता म्हणजे दगडमातीची वाट होती. वर वारा असा की जाकिटाची चेन लावताना बोटं ऐकेनात. ते पातळ जाकीट खिशात नसतं तर व्हालवार गावापर्यंतचा उतार मी काकडत उतरले असते, आणि काकडणाऱ्या हातांनी ब्रेक नीट लागत नाहीत. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका; वळणाआधी घट्ट दाबा, वळणात सोडा. ब्रेक पॅड नवे टाकून जा.

व्हालवारनंतर तेलेग्राफचा छोटा चढ लागतो. नकाशात तो दिसतही नाही, पण उतरून गार झालेल्या पायांना चांगलाच जाणवतो. मग सां-मिशेल-द-मोरिएन, आणि दरी.

दरीत उन्हाचा तडाखा होता. रस्ता सपाट, हलका उताराकडे, गटाच्या आडोशाने सायकल आपोआप पळते. खायची वेळ हीच, पण नेमकी इथे भूक लागत नाही. भाऊ दर वीस मिनिटांनी ओरडत होता, "ताई, काहीतरी खा गं!" मी हात हलवून पुढे. सां-जाँ-द-मोरिएनला पाण्यापाशी गर्दी दिसली, तर अर्ध्या बाटलीवर निघाले. क्र्वा द फेरचा घाट २९ किलोमीटरचा आहे. सरासरी पाच टक्के वाचून हायसं वाटतं, पण मध्ये उतार आहे, म्हणजे उरलेला चढ त्याहून बराच कडक. दहाव्या किलोमीटरच्या आसपास भर उन्हात माझ्या दंडावर काटा आला. घाम थांबला होता, जर्सीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या आणि एनर्जी जेलचा वाससुद्धा सहन होईना. एका गावात दगडी हौदाच्या नळाखाली डोकं धरून बसले. भावाने बिस्किटाचे तुकडे करून एकेक हातात दिले, मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. पंचवीस मिनिटं गेली. नंतर पुन्हा पेडल फिरायला लागली तेव्हा आर्व्हच्या सुळक्यांकडे मान वर करून पाहिलं. इतकं सुंदर काही मी सायकलवरून पाहिलेलं नाही.

म्हणून: तासाला ६० ग्रॅम तरी कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि ते पहिल्या तासापासून. घड्याळात गजर लावा. जे खाणार ते सरावाच्या लांब राइडमध्ये पोटाला सवयीचं करून घ्या. गावातल्या नळांवर "नॉन पोताब्ल" अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही, डोक्यावर ओता.

क्र्वा द फेरच्या उतारावर ग्राँ-मेझाँ धरणाचं निळं पाणी लागतं. खाली आलं असं वाटत असतानाच एक आखूड, दुष्ट चढ समोर येतो. आधीच हलका गिअर टाकून ठेवा, ऐन चढात चेन उतरलेले अनेक जण मी पाहिले.

बूर द्वाझाँ सोडलं की आल्प द्वेझ: १३.८ किलोमीटर, २१ वळणं, सरासरी आठ टक्के. वळणांचे आकडे वरून खाली मोजलेले आहेत, म्हणजे पहिलं भेटतं ते एकविसावं, आणि पाटीवर इथे जिंकलेल्यांची नावं. १९५२ चा पहिला विजेता फाउस्तो कोप्पी इथेच, तळाशी. पहिले दोन-तीन किलोमीटर दहा टक्क्यांचे आहेत, ते फक्त सहन करायचे. माझ्या सायकलच्या पुढच्या लहान चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला ३४ दात होते, आणि त्याहून जड गिअर घेऊन मी कोणालाही जाऊ देणार नाही. ७ क्रमांकाच्या वळणावर चर्चच्या भिंतीला टेकून थांबले. एक आजी बागेचा पाइप घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला भिजवत होत्या. त्यांनी माझ्या मानेवर पाणी सोडलं आणि मी रडले. वर पोहोचायला आणखी बराच वेळ लागला, पण पोहोचले.

सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या गावांत असल्याने परतीची सोय नोंदणीच्या दिवशीच करून टाका. मेडिकल सर्टिफिकेटचे नियम बदलत असतात, त्या वर्षीचे वाचा.

१४ जुलैला टूरचा खरा टप्पा याच मार्गावर होता, आणि आम्ही चर्चच्या त्याच भिंतीपाशी उभे होतो, यावेळी प्रेक्षक म्हणून. रस्ता लवकर बंद होतो, त्यामुळे पहाटेच चालत वर गेलो. बावीस वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉक एकटा पुढे होता. गालिबिएचा जो उतार मी ब्रेकवर बोटं ठेवून उतरले, तिथेच तो जिवावर उदार होऊन सुटला होता. सगळा मार्ग त्याने पाच तासांच्या आत संपवला. माझ्यासमोरून जाताना त्याचं तोंड उघडं होतं आणि बाटली रिकामी.