वायर काढून चाचणी: यंदाची पावसाळ्याआधीची नोंद

आगोटीची कामं उरकत आली. सुकी मासळी डब्यात गेली, पडवीला झापं बांधून झाली, आणि माळ्यावर माझी दरवर्षीची चाचणी संपली: विकत घेतलेले गेम नेटशिवाय चालतात का? नव्याने वाचणाऱ्यांसाठी पद्धत एका दमात सांगतो. कोरं विंडोज, नेटवर्क कार्ड बायोसमधूनच (मशीनच्या मूळ सेटिंगमधूनच) बंद, वाय-फायचा डोंगल खणात. मग गेम इन्स्टॉल होतो का, झालेला सुरू होतो का, आणि मशीनची तारीख दोन-तीन महिने पुढे ढकलली तरी सुरू होतो का, एवढंच बघायचं. तिन्हीला हो आलं तर तो वहीत ‘आपला’ म्हणून चढतो. पैसे किती मोजले याला तिथे रकाना नाही.

हे वेड निसर्ग वादळानंतरचं. ३ जून २०२० ला ते आलं आणि आमच्या दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. शेजारच्या जनरेटरवर तासभर लॅपटॉप मिळायचा. त्यात विकत घेतलेले, पूर्ण डाउनलोड केलेले गेम लॉगिनची खिडकी दाखवून गप्प. कुठल्या दुकानातले ते सोडा, सगळीकडे कमी-जास्त तेच आहे.

आपल्यातले बरेच जण ऑफलाइन मोडवर विसंबून असतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा ऑफलाइन मोड चालतो, माझा अनुभव चांगला आहे, पण तो उत्तर देतो फक्त दुसऱ्या प्रश्नाचं. त्याच मशीनवर आधी लॉगिन झालेलं हवं, गेम पूर्ण उतरलेला हवा. हार्ड डिस्क गेली, विंडोज नव्याने टाकलं, की पुन्हा नेट आणि पुन्हा त्यांची परवानगी. शिवाय ज्या काळातला गेम त्या काळातलं मशीन ठेवावं म्हटलं तर तेही जमत नाही: १ जानेवारी २०१९ पासून स्टीमने विंडोज एक्सपी आणि व्हिस्टाचा सपोर्ट बंद केला, १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा. २००९ चा गेम २००९ च्या विंडोजवर खेळायचा तर आता वाट वाकडी.

मात्र स्टीमवरचा प्रत्येक गेम कुलपात नसतो, म्हणजे सुरू व्हायला दरवेळी दुकानाची परवानगी मागत नाही, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. ‘बाल्डर्स गेट ३’चं फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवलं, लाँचरला बगल देऊन थेट त्याची एक्झी फाइल चालवली, आणि सुरू झाला. स्टीम बंद, नेट नाही. यंदाच्या यादीत सर्वात जास्त आनंद याने दिला, कारण एवढा मोठा आणि एवढा नवा गेम पास होईल असं वाटत नव्हतं.

जीओजी या कुलपाशिवाय गेम विकणाऱ्या दुकानाच्या ऑफलाइन इन्स्टॉलरबद्दल वेगळं कौतुक नको, ते पास होणारच. पण त्यांची नीट मोजदाद ठेवा. सेटअपची एक छोटी फाइल असते आणि तिच्यामागे क्रमांक घातलेल्या, साधारण ४ जीबीपर्यंतच्या बिन फाइलींची रांग. त्यातली एक अर्धवट उतरली असेल तर इन्स्टॉल अर्ध्यावर आल्यावरच कळतं. म्हणून फाइल उतरली की लगेच तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) काढून टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो आणि दरवर्षी आगोटीला पुन्हा ताडून बघतो. आमच्याकडे रस्त्यावर झाड पडलं की फायबर तुटतो, मग चाळीस जीबी पुन्हा उतरवायला गणपती उजाडतात.

आता यंदाचा खरा शोध. दोन-तीन गेम कुलूप नसूनही नापास होत होते. शोधल्यावर कळलं की अडवणूक गेमची नाहीच, सोबतच्या सामानाची आहे. काही जुन्या गेमना डॉट नेट ३.५ हे मायक्रोसॉफ्टचं जोड-सॉफ्टवेअर लागतं. विंडोज १० मध्ये ते चालू करायला गेलात की ते विंडोज अपडेटवरून उतरवू बघतं; नेट नसेल तर लाल एरर. उपाय: विंडोजची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल डिस्कची फाइलरूपी प्रत, जपून ठेवायची. तिच्यात ‘सोर्सेस’ फोल्डरच्या आत ‘एसएक्सएस’ नावाचं फोल्डर असतं, त्याचा पत्ता विंडोजच्या डिझम कमांडला दिला की नेटशिवाय काम होतं. आयएसओ मात्र तुमच्या विंडोजच्याच आवृत्तीची हवी. तसंच गेमच्या चित्र-आवाजासाठी लागणाऱ्या डायरेक्टएक्सचं. जून २०१० चं पूर्ण पॅकेज जेमतेम ९५ एमबीचं आहे, ते ठेवा. छोटा वेब-इन्स्टॉलर ठेवून उपयोग शून्य, तो चालू झाल्या झाल्या नेट शोधतो. व्हिज्युअल सी प्लस प्लसचे सगळे रनटाइम (गेम चालायला लागणाऱ्या सहायक फाइली) त्याच फोल्डरात. या फोल्डराला मी ‘शिधा’ नाव दिलंय आणि ते प्रत्येक हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवलंय.

डिस्कवाल्यांसाठी बातमी तितकी बरी नाही. ‘डिस्क आहे म्हणजे माझा आहे’ हे २००४ सालीच संपलं. ‘हाफ-लाइफ २’ डब्यात डिस्क घेऊन आला तरी स्टीमवर अ‍ॅक्टिव्हेट केल्याशिवाय चालत नव्हता. नंतर २००७ चा ‘बायोशॉक’ आणि २००८ चा ‘स्पोर’ आले ते किती मशीनवर टाकायचं याची मर्यादा घेऊनच. ‘स्पोर’ला सुरुवातीला तीन; ओरड झाल्यावर पाच. ‘बायोशॉक’ची मर्यादा कंपनीने २००८ मध्ये काढून टाकली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्याआधीचे सेफडिस्कवाले (डिस्कची नक्कल रोखणारं जुनं कुलूप असलेले) गेम नेट मागत नाहीत, पण त्यांची गाठ ज्या ड्रायव्हरशी होती तो विंडोज १० मध्ये नाहीच, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विंडोज ७ व ८ मध्येही बंद केला. म्हणून माझं जुनं मशीन ते अपडेट न टाकता ठेवलंय. त्याला नेट कधीच दाखवत नाही, त्यामुळे सुरक्षेची चिंताही नाही.

माझ्या कपाटातला अ‍ॅक्टिव्हेशनच्या काळातला एक शूटर यंदा कायमचा ‘मृत’ रकान्यात गेला. डिस्क आरशासारखी स्वच्छ, मॅन्युअलवर की (गेम उघडायचा क्रमांक) छापलेली. की टाकली, बराच वेळ पट्टी फिरली, आणि उत्तर आलं की सर्व्हरशी संपर्क होत नाही. या वेळी नेट मुद्दाम जोडलं होतं. पलीकडे सर्व्हरच उरलेला नाही.

निदान ‘जीटीए ४’च्या नशिबी कुणीतरी लक्ष देणारं होतं. तो गेम्स फॉर विंडोज लाइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेवर बांधलेला. जानेवारी २०२० मध्ये नव्या की तयार होईनात म्हणून स्टीमवर विक्री थांबली. मार्चमध्ये नवी आवृत्ती आली ती लाइव्ह काढून, पण मल्टिप्लेअरही काढून, आणि गेमची कंपनी रॉकस्टारचा स्वतःचा लाँचर गळ्यात बांधून. एक कुलूप काढलं, दुसरं लावलं. माझ्या मते याला जतन म्हणू नये.

कायद्याबद्दल विचारणा होते म्हणून थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१)(एए) आहे. कायदेशीरपणे जवळ असलेल्या संगणक प्रोग्रॅमची, नुकसान होऊ नये म्हणून, बॅकअप प्रत करायला ते मुभा देतं. पण २०१२ मध्ये आलेलं ६५ए कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणून क्रॅकबद्दल (कुलूप तोडणाऱ्या फाइलींबद्दल) माझ्याकडे विचारू नका. जे कुलपाशिवाय मिळतं ते घ्यायचं, हा माझा सोपा मार्ग.

प्लेस्टेशन ४ ची परीक्षा दापोलीतल्या दुरुस्तीवाल्या मित्राकडे घेतली. आठवत असेल, २०२१ मध्ये लक्षात आलं होतं की आतला सीआर२०३२ सेल संपला आणि सोनीच्या सर्व्हरशी जोडणी नसेल तर डिस्कवरचे गेमही उघडत नाहीत. ट्रॉफीची (गेममधल्या बक्षिसांची) वेळ बरोबर राहावी म्हणून केलेली तपासणी गेमच्याच आड येत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ९.०० अपडेटने ते सुटलं. आम्ही सेलच काढला, वायर नाही, डिस्क घातली: गेम सुरू. तारीख भलतीच दिसते, बाकी काही अडत नाही. फक्त डिस्कवर जी आवृत्ती छापली तीच खेळायची, नंतरचे पॅच विसरायचे. आणि कुणी जुना पीएस४ घेत असेल तर ९.०० किंवा त्यापुढचं अपडेट आहे की नाही ते आधी बघा.

दमट हवेचं नेहमीचंच. डिस्का हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेल. पाकिटं उन्हात नव्हे, तव्यावर मंद आचेवर सुकवा, आणि तेही कापडी असली तरच. रॅमचे पिवळे पाय खोडरबरने पुसून बसवले. खाऱ्या वाऱ्याने यूएसबीची तोंडं हिरवी पडतात, ती स्पिरिटने. एक हार्ड डिस्क पुण्याला ताईकडे गेली, कारण एकाच घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत.

हे सगळं चालू असताना काका माळ्यावर आले. तलाठी कार्यालयात नोकरी केलेला माणूस, कागद बघितल्याशिवाय बोलत नाही. त्यांना ‘द क्रू’ची गोष्ट सांगितली. २०१४ चा रेसिंग गेम, एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागणारा. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि नंतर लोकांच्या खात्यातून लायसन्सही काढून घेतलं. काकांनी चष्मा वर केला.

“म्हणजे सातबारा त्यांच्या नावावर, आणि तू नुसता कूळ.”

“कुळाला कूळकायदा तरी मिळाला, काका. कसेल त्याची जमीन झाली. खेळेल त्याचा गेम कुठे होतोय?”

“मग अर्ज करा की.”

अर्ज झालाय. ‘द क्रू’ बंद पडल्यावर यूट्यूबर रॉस स्कॉट याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि युरोपीय संघाकडच्या त्यांच्या याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी माफक आहे: सर्व्हर कायम चालवा असं नाही, बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. तिकडे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून दुकानाला सांगावं लागतं की तुम्ही लायसन्स घेताय. स्टीमच्या बिलाच्या पानावर ती ओळ आता आपल्यालाही दिसते. काकांना ती दाखवली, तर म्हणाले, “निदान खोटं तरी लिहिलं नाहीये.”

पुढच्या नोंदीसाठी चिपळूणच्या मित्राचा एक्सबॉक्स ३६० येतोय. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं, पण घेतलेले गेम अजून उतरवता येतात. ते आधी उतरवून मग वायर काढणार. तोवर कुणाकडे २००७ ते २०१० मधली, डब्यावर ‘इंटरनेट आवश्यक’ असं बारीक अक्षरात छापलेली पीसी डिस्क असेल तर कोऱ्या विंडोजवर लावून बघा. गेमचं नाव, विंडोजची आवृत्ती आणि नेमकी कुठल्या खिडकीवर अडली ते कळवा. फोटो असेल तर उत्तम, एररचा नंबर पुसट दिसला तरी चालेल.