तुमच्या मशीनचे डोळे कोण बांधतं?

पाटोद्याजवळच्या त्या शेतात मी जमिनीचा वीजरोध मोजणारं रेझिस्टिव्हिटी मीटर घेऊन पोचलो, तोवर बोअरसाठी पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्या बाबांची जागा ठरलीही होती. तळहातावरचा आडवा नारळ जिथे उभा राहिला, तिथे खुंटी. आधीच्या बोअरमधून नुसता फुफाटा उडाला होता, म्हणून शेतकऱ्याने या वेळी दोघांनाही बोलावलं होतं.

मी माळकरी घरातला. बोअरची गाडी सुरू होण्याआधी नारळ मीही फोडतो. राहून गेला तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. पण माझा नारळ पाण्याबद्दल काही सांगत नाही. बाबांचा सांगत होता: इथेच आहे. असं ठाम सांगितलं की मग ते तपासता येतं.

"बाबा, डोळे बांधून पुन्हा चालाल का?"

शेतकरी चपापला. बाबांनी मात्र सरळ पटका सोडून डोळ्यांवर गुंडाळला. नारळ उभा राहिला, पण खुंटीपासून लांब, उघड्या कातळावर. पुन्हा चालले, तर तिसरीकडेच. बाबा लबाड नव्हते. मनात अपेक्षा असली की हात आपल्या नकळत हलतो, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच मांडलं होतं.

उघड्या डोळ्यांनी निवडलेली जागा मात्र ओढ्याच्या वळणावर, उंबराशेजारी होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत झाडांवरून, वारुळांवरून पाणी ओळखायचा आख्खा अध्याय आहे. सगळंच पटत नाही त्यातलं, पण उंबराला ओल लागते हे खोटं कसं म्हणू? बाबांचं खरं यंत्र त्यांची नजर होती. श्रेय नारळ घेत होता.

बाबांनी पटका पुन्हा डोक्याला बांधत विचारलं, "आणि तुमच्या मशीनचे डोळे कोण बांधतं, साहेब?"

प्रश्न रास्त होता. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये गेरूचा लाल पट्टा असला, की त्यातल्या चिकणमातीमुळे मीटरवर ओल्या खडकासारखाच आकडा कमी येतो आणि ते पाणीच वाटतं. मी कागदावर लिहिलं: उंबराच्या वरच्या अंगाला, १०० ते १२० फुटांत मांजऱ्या (सच्छिद्र) खडक आणि पाणी, तिथे नाही लागलं तर अंदाज चुकला. कागद बाबांच्या खिशात ठेवायला दिला.

१३० फुटांवर दीड इंच पाणी लागलं. शेतकऱ्याने गाडीपुढे फोडलेल्या नारळाला हात जोडले. मीही जोडले.

बाबांनी कागद शेतकऱ्याच्या पोराकडून वाचून घेतला. "दहा फूट चुकले," म्हणाले.