डब्लिनच्या दारांतली माणसे : छायाचित्रमालिकेची आतापर्यंतची वाटचाल

डब्लिनच्या रस्त्यांवर सुरू केलेले माझे काम गेल्या हिवाळ्यात अखेर एका विषयावर स्थिरावले, आणि तो विषय म्हणजे दारात उभी असलेली माणसे. सुरुवातीला बाजार, पूल, बसथांबे, क्रोक पार्क स्टेडियमबाहेरची गर्दी असे दिसेल ते मी टिपत होतो. पण कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे एका रोलमधली सगळी चित्रे लहान आकारात छापलेले कागद, टेबलावर मांडून पाहिल्या तेव्हा पुन्हा पाहावीशी वाटणारी बहुतेक चित्रे कुठल्या ना कुठल्या दाराशी काढलेली निघाली. पर्यटकांसाठी छापल्या जाणाऱ्या रंगीत जॉर्जियन दारांच्या पोस्टरशी या कामाचा संबंध नाही. ती सगळी दारे बंद असतात. मला हवे असते ते उघडे, निदान अर्धे उघडे दार आणि त्यात रेंगाळणारे माणूस.

आयरिश माणूस दारात इतका वेळ का काढतो, याची उत्तरे हळूहळू उलगडत गेली. पहिले उत्तर कायद्याचे आहे. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पब, उपाहारगृहे आणि कामाच्या इतर बंदिस्त जागांमध्ये धूम्रपानाला बंदी घातली; असा देशव्यापी कायदा अमलात आणणारा तो जगातला पहिला देश. तेव्हापासून पबमधली अर्धी बैठक फुटपाथवर आली. सिगारेट न ओढणारेही सोबत म्हणून बाहेर येतात, आणि आत संगीताच्या गोंगाटात जे बोलता येत नाही ते बाहेर थंडीत खांदे आखडून बोलतात. दुसरे उत्तर पावसाचे. येथली सर बरेचदा थोडकीच असते, त्यामुळे छत्री उघडण्यापेक्षा जवळच्या दारात शिरणे लोकांना सोयीचे वाटते. मग एकमेकांना न ओळखणारी तीन माणसे एकाच चौकटीत दाटीवाटीने उभी राहतात आणि हवामानावर बोलता बोलता कुणाचे कुठले काका कुठल्या काउंटीत राहतात इथपर्यंत पोहोचतात. तिसरे उत्तर घरांच्या रचनेत आहे. स्टोनीबॅटर भागात, १८७६ मध्ये स्थापन झालेल्या डब्लिन आर्टिझन्स ड्वेलिंग्ज कंपनीने कामगारांसाठी विटांच्या घरांच्या रांगा बांधल्या. यांतल्या बऱ्याच घरांना पुढे अंगण नाही, दार थेट फुटपाथवर उघडते. आपल्याकडे ओसरी जे काम करते, ते येथे दाराची दगडी पायरी करते.

याच भागातले एक चित्र सध्या माझ्या मालिकेचा कणा झाले आहे. एक आजीबाई शेजारणीशी बोलत उभ्या आहेत, दोन्ही हात स्वेटरवर घट्ट बांधलेले आहेत आणि डाव्या पायाची टाच मागे दाराला टेकवलेली आहे. येथल्या दारांना आपोआप लागणारे कुलूप असते. वाऱ्याने दार आपटले की किल्ली आत आणि माणूस बाहेर. म्हणून गप्पांना बाहेर आलेले माणूस पायाने दार अडवून धरते. त्या मऊ घरगुती चपलेची टाच दाराच्या रंगावर वर्षानुवर्षे घासून तेथे एक फिकट डाग पडला आहे. तो डाग दिसल्यापासून मी प्रत्येक दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहू लागलो, आणि पायांसाठी चौकटीत जागा ठेवायची म्हणून नेहमीपेक्षा एक पाऊल मागे उभा राहू लागलो.

आता प्रकाशाविषयी, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण महाराष्ट्राच्या उन्हात शिकलेले आहेत. डब्लिन ५३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांच्या पुढे असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पाडणारे आपले दुपारचे ऊन येथे हिवाळ्यात नसते. ऊन पडलेच तर ते समोरून, चेहऱ्याच्या पातळीवर येते आणि दारातून थेट आतल्या भिंतीपर्यंत जाते. लिफी नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे उत्तर काठावरच्या दुकानांची दारे दक्षिणेकडे तोंड करून आहेत, आणि फेब्रुवारीपासून तेथे बराच वेळ काम करता येते. केपल स्ट्रीट २०२२ च्या मे महिन्यापासून वाहनांना बंद झाला, याचा छायाचित्रकाराला झालेला लाभ फारसा कुणी सांगत नाही : रस्त्याच्या मधोमध उभे राहून समोरचे दार सरळ, इमारतीच्या रेषा न झुकवता टिपता येते.

ऊन नसेल तेव्हा, म्हणजे बहुतेक वेळा, मी एचपी५ ही ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म १६०० वर, म्हणजे चौपट संवेदनशील धरून वापरतो आणि आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ, पाणी न मिसळलेल्या द्रावणात २० अंश सेल्सिअसला १४ मिनिटे डेव्हलप करतो. चित्रातला दाणा वाढतो, पण ओल्या लोकरी कोटांना तो शोभतो असे माझे मत आहे. लेन्स ३५ मिमीची, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि फोकस तीन मीटरवर कायम लावलेला. त्यात सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सर्व पुरेसे स्पष्ट येते. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस शोधत बसावे लागत नाही, हा याचा खरा फायदा, कारण येथे चित्र मिळते ते बोलण्यातून.

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो. रस्त्यावरच्या छायाचित्रणाचे बहुतेक धडे चोरपावलांनी टिपण्याचे असतात. सार्वजनिक रस्त्यावर छायाचित्र काढायला आयर्लंडमध्ये सरसकट मनाई नाही, तेव्हा तसे करता येतेच. पण बसमधून उतरताना चालकाचे मोठ्याने आभार मानणाऱ्या या समाजात मुकाट्याने चित्र काढून निघून जाणारा माणूस उर्मट ठरतो. म्हणून मी आधी बोलतो. विषय हवामानाचाच असतो. मग परवानगी विचारतो, आणि पहिले एक-दोन फ्रेम केवळ समोरच्याचा ताठरपणा जाईपर्यंत खर्च करतो. मी पुन्हा गप्पांकडे वळलो की तेही वळतात, आणि हवे ते चित्र तेव्हा येते. मूळचा कुठला, हा प्रश्न ठरलेला. महाराष्ट्राचे नाव घेतले की एखादे आजोबा आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांची आठवण काढतात, आणि वराडकरांच्या वडिलांचे वराड गाव मालवण तालुक्यात आहे हे सांगण्यात माझी दोन मिनिटे जातात. तेवढ्यात हात सैल होतात, सिगारेट पुन्हा तोंडाकडे जाते.

या पद्धतीचा वारसा डब्लिनमध्येच आहे. आर्थर फील्ड्स यांनी १९३० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत ओ'कॉनेल पुलावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चित्रे काढली. ती आज मुख्यतः लोकांच्या घरच्या अल्बमांत सापडतात. ते कलाकार म्हणून नव्हे, पोटासाठी हे करत होते, पण पन्नास वर्षांतले कोट, टोप्या, केशरचना आणि प्रेमिकांचे एकमेकांत गुंतलेले हात त्यांच्याइतके सलग क्वचितच कुणी टिपले असतील. टेंपल बारमधल्या राष्ट्रीय छायाचित्र संग्रहालयातल्या लॉरेन्स संग्रहाशी ओळख करून घेणेही उपयोगी ठरते. सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्ह असलेल्या त्या संग्रहातली बहुतेक चित्रे रॉबर्ट फ्रेंच यांनी काढली. त्यांत दुकानाच्या दारात ताठ उभे असलेले मालक दिसले की मला माझे पहिले एक-दोन फ्रेम आठवतात.

शहराबाहेर मात्र माझा विषयच उलटा झाला. क्लेअर काउंटीत मी मोठ्या अपेक्षेने गेलो होतो. अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९५४ मध्ये 'लाइफ' नियतकालिकासाठी तेथल्या शेतकरी कुटुंबांची चित्रे काढली होती. पण ग्रामीण घराचे पुढचे दार रोजच्या वापरात नसतेच. घरचे, शेजारी, टपालवाला, सगळे मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतात. पुढचे दार पाद्री आणि डॉक्टरांसाठी, आणि घरातल्या माणसाच्या शेवटच्या प्रवासासाठी, असे तेथले लोक हसत सांगतात. घरी मृतदेह ठेवला असताना ते दार उघडते आणि शेजारपाजारच्या गावांतून माणसे रांगेने येतात, हात मिळवतात, 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत' एवढे म्हणतात, चहा घेतात, जातात. वेळ आणि स्थळ आरआयपी डॉट आयई या संकेतस्थळावर आणि स्थानिक रेडिओवर आधीच कळलेले असते.

अशा घरात कॅमेरा न्यायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवले. मी टिपतो तो बाहेरचा रस्ता. तेथे परावर्तक पिवळे जाकीट घातलेला एखादा शेजारी अंधारात टॉर्च हलवत गाड्या शेतात लावायला सांगत असतो. त्याला हे काम कुणी नेमून दिलेले नसते. जाकीट ट्रॅक्टरमध्ये पडलेले असते आणि तो आपणहून येतो. आयरिश समाजाविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या माणसाच्या चित्रात सर्वांत नेमके उतरते असे वाटते.

चर्चच्या दाराचेही थोडे काम झाले. २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के असलेले कॅथलिक २०२२ मध्ये ६९ टक्क्यांवर आले, आणि रविवारी ते जाणवते. पण मे महिन्यात मुलांच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादग्रहणाच्या विधीला, तेच दार पांढऱ्या झग्यांतल्या मुलींनी आणि टाचांवर तोल सांभाळणाऱ्या आयांनी भरून जाते. मुलांची चित्रे पालकांनी स्वतः बोलावल्याशिवाय मी काढत नाही, त्यामुळे हा भाग तोकडाच राहील.

दोन गोष्टी मालिकेत नाहीत, आणि त्या नाहीत हे नोंदवणे भाग आहे. २०२४ च्या वसंतात आश्रय मागणाऱ्यांचे तंबू माउंट स्ट्रीट परिसरात आणि नंतर ग्रँड कॅनॉलच्या काठी उभे होते. दारांवर काम करणाऱ्याने दार नसलेल्या माणसांकडे पाठ फिरवू नये, हे कळते; पण ज्याला उठून आत जाता येत नाही त्याच्याकडे परवानगी मागणे ही मला खरी परवानगी वाटेना. दुसरी गोष्ट माझ्याच जवळची. २०२५ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीय माणसावर हल्ला झाला आणि भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. त्यानंतर अंधार पडल्यावर काही रस्त्यांवर मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो. या काळात ओळखीच्या दारांतली माणसे मुद्दाम हाक मारून थांबवू लागली, हेही तितकेच खरे आहे.

सध्या निवड चालू आहे आणि अडचण त्या पिवळ्या जाकिटाचीच आहे. कृष्णधवल फिल्मवर ते पांढरे दिसते आणि परावर्तक पट्ट्यांचा तपशील जळून जातो. फ्लॅश वापरला तर पट्ट्यांखेरीज काही उरतच नाही. येत्या नोव्हेंबरमध्ये फ्लॅशशिवाय, गाड्यांच्या दिव्यांवरच एक रोल ८०० वर वापरून डेव्हलपिंगचा वेळ कमी-जास्त करून पाहणार आहे. तेही जमले नाही तर ग्रामीण भाग रंगीत फिल्मवर वेगळा काढावा की एकाच मालिकेत दोन्ही ठेवावे, याबाबत ज्यांनी अशी मिश्र मांडणी करून पाहिली आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.